घराचा पहारा : आपणच निवडावा, आपणच बसवावा

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनासारख्या आनंदाच्या दिवशी चोरीमारीचा विषय काढणे बरे दिसेल का, असे मी आपल्या चिटणीसबाईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, "लोणची-मुरंबे झाले, भरतकाम झाले, परसबाग झाली. आता घराला कॅमेरे कसे बसवावेत, हे तुम्हीच सांगा. तुम्ही दोनदा बसवलेत. एकदा चुकीचे आणि एकदा बरोबर!" त्यांचे म्हणणे खरे आहे, म्हणून मी आज उभी आहे. मी काही इंजिनिअर नव्हे. भिंतीला भोक पाडण्याचे यंत्र मी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी प्रथम हातात धरले. त्यामुळे आज मी जे सांगणार आहे ते पंडिताचे व्याख्यान नाही. ठेच लागलेल्या बाईने मागून येणारीला "इथे दगड आहे हो" असे सांगावे, तेवढेच समजा.

आपल्या कर्जत-खालापूरच्या बाजूला घरांची तऱ्हा कशी आहे ते आपण जाणतोच. कर्जतहून मुंबईचे मोठे स्टेशन शंभर किलोमीटर. पहाटेची लोकल गाठणारे घरधनी, आणि हल्ली सुनाही, रात्रीच परततात. खोपोलीच्या फाट्यावरच्या पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी या स्टेशनांभोवतीच्या घरांची तीच गत. दिवसाचे बारा-चौदा तास दाराला कुलूप. त्यातून गणपतीत आणि मे महिन्यात माणसे गावी जातात. आणि मुंबईकरांनी बांधलेले बंगले तर शनिवार-रविवार सोडले की मुकेच असतात. तेव्हा घरावर नजर ठेवणारे काहीतरी हवे असे वाटणे स्वाभाविक आहे. मलाही ते वाटले.

चार वर्षांमागे आम्ही एक कॅमेरा बसवून घेतला. दुकानदाराने माणूस पाठवला. त्याने विचारले, "कुठे लावू?" आणि मी म्हटले, "तुम्हाला ठाऊक असेल तिथे लावा." भगिनींनो, माझी चूक त्या एका वाक्यात आहे. त्याने कॅमेरा पुढच्या दारावर, अगदी छपरालगत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा ऐटीत बसवला. आम्हीही खूष झालो.

आमचा गणपती महाडला, थोरल्या दिरांकडे असतो. त्या वर्षी मंगळवारी सकाळी आम्ही निघालो आणि रविवारी संध्याकाळी परतलो. मागच्या मोरीच्या दाराची कडी उचकटलेली. तांब्याचा बंब, आजेसासूबाईंची समई, पितळी घागरी आणि डब्यात ठेवलेले दोन सोन्याचे मणी गेले होते. घाईघाईने कॅमेऱ्यातले चित्रण लावले. त्यात सहा दिवसांचे पुढचे अंगण होते, सकाळच्या उन्हाचा पांढरा झोत होता, दोन कुत्री होती, आणि रोज संध्याकाळी हातात पिशवी घेऊन तुळशीला पाणी घालायला येणाऱ्या आमच्या धुण्याभांड्याच्या मावशी होत्या. तिसरे माणूस नाही.

मावशी कातकरवाडीतल्या. आमच्याकडे अकरा वर्षे काम करत होत्या. पण ज्याने त्याने ते चित्रण पाहिले तो हेच म्हणाला, "हीच की! पिशवी पाहिलीत ना?" इंग्रजी अमलात १८७१ साली एक कायदा झाला होता, त्याने देशातल्या कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला. पण कायद्याच्या पुस्तकातून पुसलेला शिक्का लोकांच्या मनातून पुसला जायला किती वेळ लागतो, ते मी त्या आठवड्यात माझ्याच ओटीवर पाहिले. मावशींना चौकशीला बोलावणे आले. मी "त्या तसल्या नाहीत" असे म्हटले खरे. पण जितक्या मोठ्याने म्हणायला हवे होते तितक्या मोठ्याने म्हटले नाही. हे आज सगळ्यांसमोर कबूल करते.

आमच्या मागच्या पाणंदीपलीकडे एका शेजाऱ्यांचा गोठा आहे. गाभण म्हशीवर लक्ष राहावे म्हणून त्यांनी एक लहानसा कॅमेरा टांगला होता. त्याच्या चित्रात कडेला आमच्या मोरीची वाट जराशी येते. बुधवारी ते चित्रण पाहिले. रात्री पावणेतीनच्या सुमारास दोन पुरुष काहीतरी जड उचलून पाणंदीने जाताना दिसले. पण त्यावरची तारीख होती सोमवारच्या रात्रीची! त्या रात्री आम्ही घरातच होतो आणि बंबही जागेवर होता. तेव्हा लोक म्हणाले, "हे कोणी दुसरेच, वाटसरू असतील." नशीब एवढेच, की शेजाऱ्यांनी तेवढा तुकडा आणि पुढचे काही दिवस पेनड्राइव्हवर उतरवून ठेवले. त्यांच्या यंत्रात दहाच दिवसांचे चित्रण राहत असे. आणखी दोन दिवसांनी ते आपोआप पुसले गेले असते.

उलगडा केला तो त्यांच्या सुनेने. तिने बाकीचे चित्रण पाहिले, तर त्यात गौरी-गणपतीच्या विसर्जनाची मिरवणूक पाणंदीच्या तोंडावरून जाताना दिसत होती, आणि तारीख होती विसर्जनाच्या आदल्या दिवसाची! साऱ्या गावाने मिळून बुडवलेला गणपती एक दिवस आधी कसा बुडेल? म्हणजे यंत्राचे घड्याळच एक दिवस मागे होते. सोमवारची रात्र ही खरी मंगळवारची रात्र होती, आम्ही महाडला पोचलो ती. मावशींवरचा संशय फिटला, पण त्याला दहा दिवस लागले.

बंब परत मिळाला नाही. चोरही सापडले नाहीत. मी मावशींच्या घरी क्षमा मागायला गेले. त्यांनी मला पाणी दिले, बसायला गोधडी टाकली आणि म्हणाल्या, "बाई, तुमचा कॅमेरा माझ्यावर लक्ष ठेवीत होता. चोरावर नाही." त्या पुन्हा आमच्याकडे कामाला आल्या नाहीत.

त्या वाक्याने मला जे शिकवले तेच आजच्या भाषणाचे सार आहे. कॅमेरा हा शिपाई नव्हे. तो चोराला धरत नाही. कॅमेरा हा साक्षीदार आहे. आणि अर्धवट पाहिलेला, घड्याळ चुकलेला साक्षीदार हा साक्षीदार नसण्यापेक्षा वाईट. म्हणून तो कुठे उभा करावा, त्याने काय पाहावे आणि काय पाहू नये, हे दुकानातून आलेल्या परक्या माणसावर सोडू नये. घर ज्याला ठाऊक त्याने ते ठरवावे. घर कोणाला ठाऊक? दुधाची पिशवी कोठे टांगली जाते, मागच्या दाराची कडी केव्हापासून सैल आहे, दुपारी कोणती खिडकी उघडी राहते, हे गृहिणीला जितके ठाऊक तितके कोणालाच नाही.

आणि हे काही बायकांचे काम नव्हे, असे कोणी म्हणाले तर त्यांना एक गोष्ट सांगा. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नावाची एक नर्स राहत असे. तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या कामाच्या वेळा वेगवेगळ्या, त्यामुळे ती पुष्कळदा घरी एकटी असे. रात्री दार वाजले तर उघडण्याआधी बाहेर कोण आहे ते कळावे म्हणून तिने नवऱ्याच्या मदतीने एक योजना आखली. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोके, त्यांमागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत चित्र दाखवणारा पडदा, बोलण्याची सोय, दूरून दार उघडण्याची कळ आणि संकटात इशारा देणारे बटण. १९६६ साली तिने पेटंटसाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी ते मिळाले. आज आपल्या दारावर जे यंत्र लागते त्याच्या पूर्वजांपैकी एक असे एका गृहिणीच्या भीतीतून आणि अकलेतून जन्मले आहे. तेव्हा आपण संकोच करण्याचे कारण नाही.

आता कामाचे बोलू. पहिले काम बाजारात जाण्याचे नव्हे, घराभोवती फिरण्याचे. एक कागद घ्यावा, त्यावर घराचा नकाशा काढावा: ओटी, पडवी, परसदार, मोरी, विहीर, कुंपणातली फट. घरात शिरायला किती वाटा आहेत त्या मोजाव्यात. प्रत्येक वाटेपुढे एकच प्रश्न लिहावा: इथे मला काय कळायला हवे? "कोण आले" हे कळायला हवे, की नुसते "कोणी आले" एवढे पुरे? या दोन प्रश्नांना दोन वेगळे कॅमेरे लागतात. आमच्या घराला अशा विचाराअंती तीन कॅमेरे पुरले. दुकानदार आठ सांगत होता.

"कोण आले" हे कळण्याचा हिशेब सोपा आहे. साधा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला तर त्याच्या चित्राच्या रुंदीत १९२० ठिपके असतात. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखू यायचा तर एक मीटर रुंदीत अडीचशेच्या आसपास ठिपके पडायला हवेत, असे या विषयातले जाणकार धरतात. म्हणजे चित्राची रुंदी साडेसात मीटरच्या पुढे गेली की चेहरा पुसट झालाच. सरसकट विकल्या जाणाऱ्या २.८ मिलिमीटरच्या भिंगाला अंगण सगळे दिसते, पण चेहरा ओळखू येतो तो जेमतेम दहा फुटांपर्यंत. ६ मिलिमीटरचे भिंग घेतले तर दिसते अरुंद, पण चेहरा पंचवीस फुटांपर्यंत ओळखता येतो. म्हणून दाराशी रुंद भिंग, आणि लांब पाणंद किंवा फाटक पाहायचे तर अरुंद भिंग. हा फरक भिंगाच्या आकड्यात असतो, कॅमेऱ्याच्या किमतीत नसतो.

उंचीचेही तसेच. छपरालगत बसवलेल्या कॅमेऱ्याला माणसाची टोपी दिसते, तोंड दिसत नाही. आठ-नऊ फूट पुरे. हात सहज पोचू नये आणि चेहरा दिसावा, इतके. उगवत्या किंवा मावळत्या सूर्याकडे तोंड करून कॅमेरा बसवू नये. माझ्या पहिल्या कॅमेऱ्याने रोज सकाळी दोन तास फक्त ऊन पाहिले. आणि भोक पाडण्यापूर्वी माझी एक युक्ती जरूर करून पाहा. कॅमेरा सुतळीने वाशाला किंवा खिडकीच्या गजाला नुसता बांधावा, आणि एक दिवस, एक रात्र तसाच चालू ठेवावा. घरातल्याच कोणाला तरी रात्री त्या वाटेने चालायला सांगावे. चेहरा ओळखू आला तरच भिंतीला हात लावावा. सुतळी सोडवता येते, भोक बुजवता येत नाही.

कॅमेऱ्यांच्या जाती मुख्यतः तीन. पहिली तारेची. यात सर्व कॅमेऱ्यांच्या तारा घरातल्या एका पेटीत येतात आणि चित्रण तिथे साठते. काहींत एकाच केबलमधून चित्र येते आणि वीजही जाते. अशी केबल शंभर मीटरपर्यंत चालते. राहत्या घराला हीच जात भरवशाची. दुसरी वायफायची. बसवायला सोपी, भाड्याच्या घराला उत्तम. पण जाड भिंत आणि पत्र्याचे छप्पर मध्ये आले की तिचा जीव गुदमरतो. विकत घेण्याआधी मोबाइल हातात घेऊन त्या जागेवर उभे राहावे. तिथे घरातले वायफाय नीट येत नसेल तर कॅमेऱ्यालाही येणार नाही. तिसरी मोबाइलच्या सिमकार्डावर चालणारी, पुष्कळदा सूर्याच्या पाटीसह मिळणारी. माझ्या धाकट्या बहिणीची खालापूर तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी वाडी आहे, तिथे इंटरनेटची तार नाही, म्हणून तिने ती घेतली. मात्र आधी दोन-तीन कंपन्यांची सिमकार्डे तिथे नेऊन पाहिली. आणि आषाढात जेव्हा आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा ती पाटी उपाशी राहते, हे तिला पहिल्याच पावसाळ्यात कळले. आता तिने विजेचीही जोड दिली आहे.

आता आपला पाऊस. खोक्यावर आयपी ६६ किंवा आयपी ६७ असे लिहिलेले असते. त्यातला पहिला सहा धुळीचा. धूळ आत जात नाही असा त्याचा अर्थ. दुसरा आकडा पाण्याचा. सहा म्हणजे जोराचा फवारा सोसणारा, सात म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी चालणारा. यापेक्षा कमी आकडा आपल्या बाजूला उघड्यावर घेऊ नये. पण कॅमेरा वाचला तरी त्याचा जोड वाचत नाही, ही खरी गोम आहे. तारेचा जोड उघडा न ठेवता झाकणाच्या पेटीत घ्यावा. भिंतीतले भोक बाहेरच्या बाजूस उतरते पाडावे, म्हणजे पाणी घरात येणार नाही. आणि तार भोकात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोका द्यावा. पाणी त्या झोक्याच्या टोकाशी ठिबकून जाते. माकडे आणि उंदीर यांच्यासाठी सर्व तार पाइपातून न्यावी. आमच्याकडे माकडांनी एक तार झोपाळ्यासारखी वापरली होती.

रात्री हे कॅमेरे आपल्याला न दिसणाऱ्या उजेडात काळे-पांढरे चित्र घेतात. त्या उजेडाला किडे येतात, किड्यांसाठी कोळी जाळे विणतो, आणि मग सारी रात्र कॅमेऱ्याला फक्त कोळी दिसतो. झाडू मारताना आठवड्यातून एकदा कॅमेऱ्यावरूनही कुंचा फिरवावा. समोर पांढरी भिंत किंवा पागोळी अगदी जवळ असेल तर तीच चमकते आणि मागचे दिसत नाही.

विजेची गोष्ट काय सांगावी! खोपोलीला १९१५ पासून पाण्यावर वीज तयार होते, भिवपुरीला १९२२ पासून. दोन्ही तालुक्यांच्या अंगणात वीज जन्मते, आणि तरी वादळाच्या रात्री आपण मेणबत्ती शोधतो. चोरालाही अंधारच आवडतो. तेव्हा कॅमेऱ्यांची पेटी आणि इंटरनेटचा राउटर, दोन्ही घरातल्या इन्व्हर्टरवर घ्यावीत; एकच घेतले तर उपयोग अर्धा. तीन कॅमेरे आणि पेटी मिळून पंख्याइतकीच वीज खातात. वळवाच्या पावसात विजा चमकतात त्या वेळी बाहेरून आत येणारी प्रत्येक लांब तार हा धोका असतो. म्हणून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे आणि विजेचा झटका अडवणारे साधन लावावे. बारा व्होल्टच्या तारा आपण जोडाव्यात. परंतु मुख्य विजेचा नवा पॉइंट काढण्याचे काम परवानाधारक वायरमनचेच. तिथे स्वावलंबन नको. शिडीवर चढताना पदर खोचावा, चप्पल काढावी, खाली कोणीतरी धरून उभे असावे, आणि भिंत ओली असेल तर काम उद्यावर टाकावे.

चित्रण किती दिवस टिकावे? दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा अहोरात्र चालला तर दिवसाला वीस-बावीस जीबी जागा खाऊ शकतो. तीन कॅमेरे म्हणजे पासष्टच्या आसपास. एक टीबीच्या डिस्कवर पंधरा दिवस होतात. तुम्ही जितके दिवस घर बंद ठेवता त्याच्या दुप्पट तरी साठवण असावी, असा माझा नियम आहे. कारण चोरी कळते परतल्यावर. पेटी टीव्हीशेजारी मांडून ठेवू नये. चोर शहाणा असेल तर तो बंबाआधी पेटी उचलील. हवा खेळेल अशा कुलपाच्या कपाटात ती ठेवावी. आणि घड्याळ! दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, दिनदर्शिकेचे पान उलटताना, कॅमेऱ्यावरची तारीख-वेळ मोबाइलशी ताडून पाहावी. दोन मिनिटांचे काम आहे. त्या दोन मिनिटांअभावी एका निरपराध बाईचे दहा दिवस गेले.

दुर्दैवाने चोरी झालीच तर कशालाही हात न लावता ११२ वर फोन करावा, आणि चित्रण त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरवून ठेवावे. मूळ पेटी पुसू नये, बदलू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असे चित्रण न्यायालयात द्यायचे तर त्यासोबत प्रमाणपत्र लागते; पोलिसांना त्याबद्दल विचारावे.

आता जो भाग बोलायला जड, तोच बायकांनी अधिक ऐकावा असा. घरावर नजर ठेवणारा डोळा दुसऱ्याच्या हाती गेला तर काय होते? कॅमेरा विकत येतो तेव्हा त्याला कारखान्याने घातलेला एक पासवर्ड असतो, आणि तो साऱ्या जगाला ठाऊक असतो. २०१६ साली 'मिराई' नावाच्या एका दुष्ट प्रोग्रामने असे न बदललेले पासवर्ड वापरून जगभरचे असंख्य कॅमेरे आणि चित्रणाच्या पेट्या ताब्यात घेतल्या होत्या. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातेत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील तपासणीच्या खोलीतली चित्रणे बाहेर विकली जात असल्याचे उघड झाले. आपल्यासारख्याच लेकीसुना होत्या त्या. तेव्हा पहिल्या दिवशी, पहिल्या तासात, पासवर्ड बदलावा. लांब ठेवावा, मुलांच्या जन्मतारखेचा ठेवू नये, आणि बसवणाऱ्या माणसालाही सांगू नये. अधूनमधून कंपनीकडून येणारी सुधारणा मोबाइलवरून घालून घ्यावी. एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे या कॅमेऱ्यांना सुरक्षिततेची सरकारमान्य चाचणी आवश्यक झाली आहे; खोक्यावर भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीची खूण आणि क्रमांक पाहूनच घ्यावा. बिनखुणेचा माल स्वस्त पडतो, पण आपली लाज स्वस्त नाही.

तसेच घराच्या आत, निजायच्या खोलीत, न्हाणीकडे कॅमेरा कदापि नको. नव्या सुनेने दिवसभर काय केले हे कामावरून मोबाइलवर पाहणारी सासू आणि बायकोवर नजर ठेवणारा नवरा, यांच्या हाती हे यंत्र गेले तर त्याला घराचा पहारा म्हणू नये. तो घरातला तुरुंग झाला. शेजारणीच्या विहिरीवर, तिच्या वाळवणाच्या अंगणावर, तिच्या मोरीच्या दारावर आपला कॅमेरा जात असेल तर तो वळवावा. वळत नसेल तर चित्राचा तेवढा भाग काळा करण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती वापरावी. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले आहे. आणि स्त्रीचे खाजगी क्षण चोरून पाहणे वा चित्रित करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. कामाला येणाऱ्या बायांनाही कॅमेरा कोठे आहे आणि तो काय पाहतो, ते पहिल्याच दिवशी सांगावे. लपवलेला कॅमेरा अविश्वास शिकवतो. सांगून लावलेला दोघांचेही रक्षण करतो.

शेवटी एकच. दुसऱ्या खेपेला मी कॅमेरे बसवण्याआधी मोरीच्या दाराची कडी बदलली, मागे एक दिवा लावला, आणि पाणंदीपलीकडच्या शेजाऱ्यांना सांगितले की आम्ही गावी जाताना तुम्हाला कळवून जाऊ. या तीन गोष्टींना मिळून एका कॅमेऱ्याइतकाही खर्च आला नाही. कडी, दिवा आणि शेजार हा पहिला पहारा, कॅमेरा दुसरा. माझी मंडळाला सूचना आहे, की ड्रिल मशीन आणि शिडी ही मंडळाच्या मालकीची एकेक असावी. जिला लागेल तिने न्यावी, आणि जिला येते तिने दुसरीबरोबर जावे. दर महिन्याच्या सभेत एकमेकींना "घड्याळ पाहिलेत का?" एवढे विचारावे.

आज आमच्या मागच्या दारावर जो कॅमेरा आहे तो मी माझ्या हातांनी बसवला. तो लावताना माझ्या मनात बंब नव्हता, सोन्याचे मणीही नव्हते. उद्या पुन्हा काही घडले तर माझ्या घराने खरे बोलावे, गरिबाच्या वाट्याला खोटा आळ येऊ नये, एवढेच मनात होते. आपणही त्याच बुद्धीने कॅमेरा लावावा, अशी विनंती करते.